नव्या दारातून पाऊस आत येतोय? सिलिकॉनची नळी आणण्याआधी हे वाचा

दार नवं, पॉलिश चकचकीत, मिस्त्रीचे पैसे चुकते, आणि मृगाच्या पहिल्याच झडीला उंबऱ्याच्या आत तळं. आमच्या बेळगावातल्या अनगोळच्या घरी मागच्या दारानं हे केलं, पुढच्याच वर्षी खानापूरकडे राहणाऱ्या बहिणीच्या घरी पुढच्या दारानं. दोन्हीकडे शेजारपाजारच्यांनी सल्ला एकच दिला: सिलिकॉन मारा. दुकानदारानं तोच दिला, मिस्त्रीही तेच म्हणाला. सिलिकॉन लावून पाणी काही दिवस थांबतं आणि मग दुसऱ्या कोपऱ्यातून येतं, कारण ते मूळ वाटेनं आत शिरतच असतं, फक्त बाहेर पडायची जागा बदललेली असते.

दारातून येणाऱ्या पाण्याचं कारण बहुतेक वेळा दाराच्या खाली असतं, नाहीतर वर. आपण मात्र दुरुस्ती कडेनं करत बसतो. म्हणून खाली दिलेल्या पायऱ्या याच क्रमानं करा. त्यातल्या निम्म्या फुकट आहेत.

आपल्या बेळगाव भागाचं एक वेगळेपण आधी सांगतो. जून ते सप्टेंबर इथला वारा मुख्यतः नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. त्यामुळे पूर्वेकडे तोंड असलेलं मुख्य दार कोरडं राहतं आणि परसदाराची, गॅलरीच्या दाराची दैना होते. वळीव मात्र वारा फिरेल तिकडून झोडपतो, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यात पूर्वेचं दारही भिजू शकतं. शिवाय खानापूरच्या पश्चिमेचा, जांबोटी-कणकुंबीकडचा धो धो पाऊस आणि अथणी-रायबागकडचा जेमतेम पाऊस यांची तुलनाच नको. अथणीच्या मिस्त्रीनं आयुष्यभर जसं दार बसवलं तसंच खानापूरच्या पश्चिमेला बसवलं तर ते गळणारच. त्यात त्याचा हलगर्जीपणा असेलच असं नाही, त्यानं तसा पाऊस पाहिलेला नसतो.

१. पहिल्या एक-दोन पावसांत फक्त बघा

आत पाणी दिसलं की आपण आधी पुसतो. पुसण्याआधी मोबाईलवर व्हिडिओ घ्या. पाणी पहिल्यांदा नेमकं कुठे दिसतं हे महत्त्वाचं, तळं कुठे साचतं हे नाही. फरशीला जिकडे उतार तिकडे तळं साचणारच.

दाराच्या तळाशी सगळ्या रुंदीभर ओल येत असेल तर उंबरा किंवा दाराची खालची फट. एकाच खालच्या कोपऱ्यात येत असेल तर चौकट आणि भिंत यांच्यामधली फट, नाहीतर चौकटीचा पाय. दाराच्या आतल्या बाजूवर, मध्यावर, थेंबांच्या रेघा दिसल्या तर दाराच्या तावदानाचे किंवा पॅनेलचे सांधे. वरच्या आडव्या चौकटीखालून ठिबकत असेल तर दाराला हात लावू नका, आधी छज्जा आणि वरची भिंत बघा.

आणि एक खास आपल्याकडची गोष्ट. घर चिऱ्याचं असेल, म्हणजे जांभ्या दगडाचं, आणि बाहेरून गिलावा नसेल, तर दगड स्वतःच पाणी पितो. चार-पाच दिवस संततधार लागली की भिंतीत मुरलेलं पाणी चौकटीच्या कडेनं आत पाझरतं आणि आळ दारावर येतो. ओळखायची खूण सोपी आहे: पाऊस थांबल्यावरही कित्येक तास पाझरत राहिलं तर ते भिंतीतलं पाणी. दारातून येणारं पाणी पावसाबरोबर येतं आणि पावसाबरोबर थांबतं.

२. सामान आणि कागद

हाताशी असू द्या: पाणसळ, ओळंबा, मेजटेप, खडू, टॉर्च, जुनी वर्तमानपत्रं, उदबत्ती, पाण्याची लांब नळी, एक चांगला स्क्रूड्रायव्हर. पाणसळ नसली तर गवंड्याकडून तासाभरासाठी मागून आणा, मोबाईलमधल्या पाणसळीवर उंबऱ्याचा उतार ठरवू नका.

नंतर लागेल तसं: पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट किंवा न्यूट्रल (आंबट वास नसलेलं) सिलिकॉन, त्याची गन, फोमची दोरी (दुकानात बॅकर रॉड म्हणून मागा), ईपीडीएम (उन्हापावसात टिकणाऱ्या) रबराची पट्टी, सागवानाची पट्टी, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू. साधे लोखंडी स्क्रू दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत गंजून लाकडावर काळे डाग पाडतात.

कागद: जीएसटीचं बिल, दाराची वॉरंटी, मिस्त्रीशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, काम करताना काढलेले फोटो असतील तर तेही. यांची गरज शेवटच्या पायरीत लागते, पण गोळा आत्ताच करून ठेवा.

३. नळीनं पाणी मारून चोरवाट शोधा

पाऊस नसलेला दिवस निवडा. आत एक माणूस टॉर्च घेऊन, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला वर्तमानपत्र पसरलेलं. कागदावर पहिला थेंब पडला की लगेच कळतं. बाहेर दुसरा माणूस नळी घेऊन. नळीचं तोंड बोटानं दाबून फवारा उडवायचा नाही, आणि गाडी धुवायचं प्रेशर मशीन तर मुळीच नाही. त्या जोरानं चांगलं दारही गळतं.

सुरुवात खालून करा. आधी फक्त पायरी आणि उंबरा, दहा मिनिटं. मग चौकटीचे खालचे कोपरे. मग दोन्ही उभ्या बाजू, एकेक करून. मग वरची आडवी चौकट, आणि शेवटी छज्जा. वरून सुरुवात केलीत तर सगळं पाणी वाहत खाली येतं आणि कुठलं पाणी कुठून शिरलं ते कळत नाही. जिथे आत दिसलं तिथे खडूनं खूण करा, फोटो काढा आणि पाचेक मिनिटं थांबून तोच भाग पुन्हा तपासा.

नळीनं काहीच आलं नाही आणि पावसात मात्र येतं, असंही होतं. याचं कारण वारा. झडीचा वारा पाणी फटीत ढकलतो, नळी ढकलत नाही. यावर उपाय: घराच्या सगळ्या खिडक्या बंद करा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावा आणि मग पाणी मारा. फॅन घरातली हवा बाहेर ओढतो, त्यामुळे दाराच्या फटींतून बाहेरची हवा आणि तिच्याबरोबर पाणी आत खेचलं जातं. पाण्याशिवायही हे करता येतं. फॅन चालू ठेवून आतून पेटती उदबत्ती दाराच्या कडेनं हळूहळू फिरवा. धूर सरळ वर जात असतो. जिथे फट आहे तिथे तो एकदम आडवा होऊन खोलीकडे वाकतो. आमच्या मागच्या दाराला बिजागऱ्यांची बाजू पूर्ण ठीक होती, कडीच्या बाजूला वरून हातभर अंतरावर धूर वाकला. तिथे चौकट किंचित पिळलेली होती, नुसत्या डोळ्यांनी दिसत नव्हती. फॅन लावलेला असताना गॅस पेटता ठेवू नका.

४. आधी वर बघा: छज्जा

दारावर छज्जा नसेल तर खालची सगळी मेहनत अर्धीच कामाला येते. जुन्या घरांना पडवी होती, ओसरी होती, दार पावसाच्या तोंडी कधी आलंच नाही. आता नव्या डिझाइनच्या बंगल्यांना सपाट दर्शनी भिंत हवी असते आणि छज्जा गायब होतो. दार कितीही भारी असू दे, रोज तासन्‌तास तोंडावर पाऊस घ्यायला ते बनवलेलं नाही.

छज्जा असेल तर त्याच्या खालच्या बाजूला, बाहेरच्या कडेपासून दोनेक इंच आत, एक लांब खाच आहे का बघा. गवंडी तिला थ्रोट म्हणतात. ती नसली तर पाणी छज्ज्याच्या कडेवरून सुटून पडण्याऐवजी खालच्या अंगाला चिकटून भिंतीपर्यंत येतं आणि तिथून चौकटीवर उतरतं. खाच गिलाव्यानं बुजलेली असेल तर ग्राइंडरनं मोकळी करून घ्या. मुळातच नसेल तर खालून अ‍ॅल्युमिनियमची बारीक एल पट्टी सीलंटनं चिकटवली तरी काम होतं, पाणी तिच्या टोकावरून खाली पडतं.

छज्जाच नसेल तर पॉलिकार्बोनेट किंवा पत्र्याचा दोन-अडीच फूट पुढे येणारा छोटा छत बसवून घ्या. तो दाराच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना फूटभर तरी रुंद हवा, नाहीतर आडवा पाऊस बाजूनं आत येतो. भिंतीला जिथे तो टेकतो तो सांधा वरून बंद करायला विसरू नका, पत्रेवाले ते काम गवंड्यावर सोडतात आणि गवंडी पत्रेवाल्यावर.

५. मग खाली: उंबरा, पायरी आणि दाराचा तळ

इथे थोडा वेळ द्या. माझ्या पाहण्यातली बहुतेक गळती इथलीच होती.

आधी वाटीभर पाणी उंबऱ्यावर ओता आणि ते कुठे जातं बघा. आपल्याकडे उंबऱ्याला काळा ग्रॅनाइट घालायची पद्धत आहे. फरशीवाला तो पाणसळ लावून अगदी सपाट बसवतो आणि त्याला तेच काम नीट वाटतं. पण बाहेरच्या दाराचा उंबरा सपाट नसावा. चार इंच रुंदीत पाव ते अर्धा इंच उतार बाहेरच्या बाजूला हवा. पाणी उंबऱ्यावरच थांबलं किंवा आत आलं, तर रोग सापडला.

त्यानंतर बाहेरच्या पायरीची पातळी. पायरी आतल्या फरशीपेक्षा किमान दीड-दोन इंच खाली असावी आणि तिलाही दर फुटाला पाव इंचाच्या हिशोबानं बाहेर उतार असावा. आत-बाहेर एकाच पातळीत टाइल्स दिसायला छान दिसतात, पण खानापूरच्या पश्चिमेकडच्या पावसात तो प्रकार चालत नाही. तसं झालंच असेल तर पायरी फोडण्याआधी एक पर्याय आहे: दारासमोर आडवी तीन-चार इंच रुंद नाली काढून तिच्यावर जाळी बसवायची आणि नालीचं तोंड अंगणात सोडायचं. नाली पालापाचोळ्यानं तुंबते, म्हणून जाळी उचलता येणारी घ्या.

उंबऱ्याला उतार नसेल तर तीन मार्ग आहेत. ग्रॅनाइटवाला ग्राइंडरनं उतार काढून देतो, पण धूळ फार उडते आणि पॉलिश जातं. दुसरा, दाराच्या बाहेरच्या अंगाला लागून उंबऱ्यावर अर्ध्या इंच उंचीची ग्रॅनाइटची किंवा अ‍ॅल्युमिनियमची उभी पट्टी बसवायची. दार आत उघडत असेल तर ही पट्टी आड येत नाही, उलट बंद दाराला खालून टेकण मिळतं. पट्टीखाली सीलंटचा सलग थर द्या, दोन ठिपके लावून काम होत नाही. दोन्ही टोकांना मात्र एक सूत (इंचाचा आठवा भाग) फट ठेवा, म्हणजे पट्टीच्या मागे गेलेलं पाणी बाहेर निघेल. तिसरा मार्ग तयार अ‍ॅल्युमिनियमच्या रबरवाल्या थ्रेशोल्डचा, म्हणजे उंबऱ्यावर बसवायच्या पट्टीचा. तो बसवायला दाराचा तळ बहुधा थोडा कापावा लागतो.

वास्तुशांती झालेल्या उंबऱ्याला ड्रिल लावायला घरातली मोठी माणसं नाही म्हणतात. वाद घालू नका. पट्टी चिकटवता येते, आणि पुढचा उपाय दारावरच करायचा आहे.

तो उपाय म्हणजे दाराच्या तळाशी बाहेरून लावायची उतरती लाकडी पट्टी. दुकानात वेदर बार म्हटलं तर कुठे समजतं, कुठे नाही. सुताराला सांगितलं तर तो सागवानाच्या तुकड्यातून रंध्यानं तासाभरात करून देतो. तिची मापं नीट द्या. दाराच्या बाहेर ती दीड इंच तरी पुढे यावी. वरचं अंग उतरतं असावं, सपाट ठेवलं तर तिच्यावरच पाणी साचून लाकूड कुजतं. आणि खालच्या अंगाला, पुढच्या कडेपासून अर्धा इंच आत, दोन सूत रुंद खाच लांबीभर काढलेली असावी.

ही खाच सगळ्यात महत्त्वाची, आणि सुतार नेमकी तीच विसरतो. दारावरून ओघळणारं पाणी तळाच्या कडेला आलं की सरळ पडत नाही. थेंब कडेला लोंबकळतो, मग खालच्या अंगाला चिकटून आत सरकत जातो, आणि मागून वारा असला की उंबरा ओलांडून घरात येतो. वाटीतून पाणी ओतताना ते वाटीच्या बाहेरच्या अंगानं मागे ओघळतं ना, अगदी तसं. खाच आली की थेंबाला आत सरकता येत नाही, तो तिथेच सुटून उंबऱ्याच्या उतारावर पडतो. पट्टी बसवल्यावर खाली वाकून बघा, पाऊस चालू असताना थेंबांची एक सरळ ओळ खाचेच्या पुढच्या कडेला लागलेली दिसली पाहिजे.

पट्टी दाराला लावताना मागे सीलंटची सलग रेघ द्या, नाहीतर पाणी पट्टीच्या आणि दाराच्या मधून उतरतं. तिची दोन्ही टोकं चौकटीला घासू नयेत एवढी, म्हणजे एकेक सूत, आखूड ठेवा. दार उघडून-मिटून बघा आणि मगच स्क्रू घट्ट करा.

दाराच्या तळाला ब्रशची किंवा रबराची पट्टी लावून भागतं का? वारा, धूळ, झुरळं यांच्यासाठी चांगली आहे. पाण्यासाठी एकटी पुरत नाही. वरची लाकडी पट्टी आणि उतार असेल तर मदत करते.

६. चौकट आणि भिंत यांच्यातली फट

लाकडी चौकट होल्डफास्टनं, म्हणजे लोखंडी पट्ट्यांनी, भिंतीत अडकवतात आणि भोवती सिमेंट भरतात. लाकूड वाळून आकसतं, सिमेंट तेवढं आकसत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात दोघांच्या मध्ये केसासारखी फट पडते. मत्तीची (ऐनाच्या लाकडाची) चौकट नीट न वाळवता बसवली असेल तर फट मोठी पडते. त्या फटीत पांढरं सिमेंट किंवा भिंतीची पुट्टी भरणं ही आपल्याकडची ठरलेली चूक. पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा तडकते.

पद्धत अशी: फट पटाशीनं दीड-दोन सूत रुंद आणि तेवढीच खोल मोकळी करा. ब्रशनं धूळ काढा. खोल असेल तर आत फोमची दोरी दाबा, म्हणजे सीलंट मागच्या बाजूला चिकटणार नाही आणि दोन्ही बाजूंना ताणायला मोकळं राहील. सीलंटची जाडी रुंदीच्या निम्मी पुरे. भरल्यावर साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट फिरवून सपाट करा.

कुठलं सीलंट? व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं स्वस्त सिलिकॉन घेऊ नका. सिमेंटवर ते नीट धरत नाही आणि संगमरवरावर डाग पाडतं. न्यूट्रल सिलिकॉन चांगलं, पण त्याच्यावर रंग बसत नाही. भिंतीला रंग द्यायचा असेल तर पीयू सीलंट घ्या. दोन्हीला पृष्ठभाग कोरडा लागतो, आणि हीच आषाढात अडचण होते. पुनर्वसू-पुष्यात, म्हणजे तरण्या-म्हाताऱ्या पावसात, भिंत दोन दिवससुद्धा कोरडी राहत नाही. त्या दिवसांत बाहेरून ताडपत्री बांधा, आतून जुन्या टॉवेलची वळी घाला आणि काम उघडिपीवर ढकला. ओल्या भिंतीवर सीलंट मारून पैसे पाण्यात घालू नका.

अ‍ॅल्युमिनियम किंवा यूपीव्हीसीच्या दारांसाठी एक इशारा. त्यांच्या खालच्या चौकटीत बाहेरच्या बाजूला लहान चिरा असतात. त्या फटी नव्हेत. आत शिरलेलं पाणी बाहेर काढायची ती वाट आहे. गवंड्यानं गिलावा करताना त्या सिमेंटनं बुजवलेल्या असतात, किंवा गळतंय म्हणून कुणीतरी सिलिकॉननं बंद करतं. मग पाणी चौकटीत भरतं आणि घरात उतरतं. दाभणानं साफ करा, एवढ्यानंच कित्येक दारं कोरडी होतात.

चिऱ्याच्या भिंतीचं पाणी असेल तर दाराजवळ काहीही करून उपयोग नाही. दिवाळीनंतर भिंत पुरती वाळू द्या, दगडांमधल्या दरजा नव्यानं भरून घ्या, आणि गिलावा नको असेल तर पाणी झटकणारं पारदर्शक कोटिंग मारा.

७. दार चौकटीला नीट बसतं का

वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी चौकटीत धरून दार बंद करा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे दाब नाही. फूटफूट अंतरावर सगळ्या बाजूंनी हे करा. बाजूंची आणि वरची फट एक सूताच्या आसपास, सगळीकडे सारखी हवी. वर कमी आणि खाली जास्त असेल तर बिजागरी ढिली आहे किंवा चौकट ओळंब्यात नाही. आधी बिजागऱ्यांचे स्क्रू घट्ट करा, लाकडात धरत नसतील तर लांब स्क्रू घाला. कडी किंवा लॅच बसल्यावरही दार हलत असेल तर कडी जिच्यात अडकते ती चौकटीवरची पट्टी आत सरकवून घ्या, म्हणजे दार ओढून धरलं जाईल.

त्यानंतरच रबर. चौकटीच्या खाचेत ईपीडीएमची पट्टी लावा, नुसता चिकट फोम नको, तो दोन महिन्यांत चेपून पापड होतो. कोपऱ्यात रबर कापून जोडताना तुकडे एकमेकांना टेकले पाहिजेत, तिथे मोकळी जागा राहिली की पाणी नेमकं तिथूनच. फार जाड रबर घेतलं तर दार लागत नाही आणि घरचे आठ दिवसांत ते उपटून टाकतात.

८. दार फुगलं तर रंधा लगेच मारू नका

जुलैत दार चौकटीला घासायला लागतं. सुतार येतो, कडेला रंधा मारतो, दार छान लागतं. मार्चमध्ये लाकूड वाळलं की त्याच कडेला बोट जाईल एवढी फट. पुढच्या पावसाळ्यात पाणी तिथून. फारच घासत असेल तर सॅंडपेपरनं थोडं घासा आणि थांबा.

फुगण्याचं कारण बहुतेक वेळा दाराच्या वरच्या आणि खालच्या कडांना रंग नसणं. दिसत नाही म्हणून त्या कोऱ्या ठेवतात. लाकडाच्या नळ्या तिथे उघड्या असतात आणि पाणी सगळ्यात जास्त तिथूनच पितात. खालची कड तपासायला आरशाचा तुकडा दाराखाली सरकवा. कोरं लाकूड दिसलं तर हस्ताचा पाऊस उरकल्यावर, दार चांगलं वाळल्यावर, बिजागऱ्यांवरून उतरवा आणि सहाही बाजूंना प्रायमर व रंग किंवा बाहेरच्या वापराचं पॉलिश द्या. कुलपासाठी कोरलेल्या भोकाच्या आतही ब्रश फिरवा.

दार फ्लशचं (प्लायचं सपाट) असेल आणि कडेचे थर नखानं सुटत असतील तर ते आतल्या खोलीचं दार बाहेर बसवलेलं आहे. एमआर म्हणजे दमटपणा सोसणारी प्लाय, पावसासाठी ती नाही. बाहेरच्या दाराला बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) दर्जा लागतो, मरीन प्लायला आयएस ७१० चा शिक्का असतो आणि फ्लश दारांचं मानक आयएस २२०२ आहे. असं दार दुरुस्त करण्यात पैसे घालू नका, ते बदला आणि पुढच्या पायरीकडे वळा.

९. मिस्त्री, दुकानदार आणि तक्रार

आधी मिस्त्रीला नळीच्या तपासणीचा व्हिडिओ पाठवा. आपल्याकडे कारागीर बरेचदा कन्नड बोलणारा आणि आपण फोनवर मोडक्यातोडक्या कन्नडात सांगत बसतो. व्हिडिओला भाषा लागत नाही. खडूची खूण बघून तो स्वतःच ओळखतो. बहुतेक कारागीर अशा वेळी येऊन काम करून देतात, आरडाओरडा केला तर येत नाहीत.

दार अजून बसवायचं असेल तर आधीच ठरवा: शेवटचे काही पैसे पहिल्या मोठ्या पावसानंतर. आणि तो उंबरा बसवेल तेव्हा तिथे उभे राहा.

तयार दार विकत घेतलं असेल आणि दुकानदार दाद देत नसेल तर लेखी तक्रार करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे मराठीतही बोलता येतं. त्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे दार कोल्हापूरहून किंवा गोव्यातून आणलं असलं तरी बेळगावच्या आयोगाकडे जाता येतं, सीमेपलीकडे खेटे घालायची गरज नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या किमतीच्या वस्तूसाठी शुल्क नाही. बिल हवंच. कच्च्या चिठ्ठीवर हजार-दोन हजार वाचवले असतील तर इथे ते नडतं.

आयोगाकडे जाण्याआधी दुकानदाराला एक पत्र पोस्टानं नोंदणी करून पाठवा: दार कधी घेतलं, कधी बसवलं, कुठल्या पावसात कुठून पाणी आलं, किती दिवसांत दुरुस्ती किंवा बदली हवी. सोबत फोटोंच्या प्रती जोडा, मूळ बिल देऊ नका. बरेचसे दुकानदार या पत्रालाच उत्तर देतात. पोस्टाची पावती बिलाला टाचून ठेवा, आणि मिस्त्रीकडून परत काम करून घेतलंत तर नळीची तपासणी त्याच्यासमोरच, खालून वर, पुन्हा करा.